जावा प्रोग्राम टर्मिनलवरून चालवताना: जार, क्लासपाथ आणि न सापडणारे क्लास

एक्लिप्स किंवा इंटेलिजेमध्ये हिरवं बटण दाबलं की बिनतक्रार चालणारा प्रोग्राम टर्मिनलवर पहिल्याच ओळीत कोसळतो, हा अनुभव जावा शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो. कोड तोच असतो. फक्त लायब्ररींची लांबलचक यादी इतके दिवस आयडीई, म्हणजे हे कोड लिहायचं साधन, परस्पर जोडून देत होता, आणि आता ती तुम्हाला द्यायची आहे. खात्री करायची असेल तर इंटेलिजेच्या रन विंडोतली घडी घातलेली पहिली ओळ उलगडून पाहा; कित्येक जार फाइलींची (जार म्हणजे क्लासचा एका फाइलीत बांधलेला गठ्ठा) नावं असलेली अख्खी कमांड तिथे दिसेल.

ही यादी म्हणजे क्लासपाथ. प्रोग्राम सुरू करताना जावा ही यादी तपासून घेत नाही. यादीतला फोल्डर जागेवर नसला, जारचं नाव चुकलं, तरी ती अवाक्षर काढत नाही. एखादा क्लास खरोखर लागला की त्या वेळी यादी पहिल्या नावापासून धुंडाळली जाते आणि जिथे तो पहिल्यांदा सापडेल तिथून उचलला जातो. म्हणून सकाळी सुरू झालेला प्रोग्राम दुपारी कोणी पीडीएफचं बटण दाबल्यावर 'क्लास सापडला नाही' म्हणून पडू शकतो. खालचे बहुतेक घोटाळे याच स्वभावातून येतात.

उदाहरणासाठी 'पावती' नावाचा छोटा प्रोग्राम धरू. फोल्डरमध्ये पावती.जार, लायब्ररींसाठी लिब आणि सेटिंगच्या फाइलींसाठी कॉन्फ असे दोन फोल्डर, आणि मुख्य क्लास कॉम.दुकान.मेन. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन अक्षरांत टाकायच्या. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक जावा पाळते, त्यामुळे क्लासच्या नावातलं पहिलं मोठं अक्षर मोठंच हवं.

आधी जावा कुठली ते पाहा

लायब्ररींकडे वळण्याआधी दोन कमांड द्या.

जावा -व्हर्जन
एमव्हीएन -व्ही

दोन्हींत जावाची आवृत्ती वेगळी दिसली तर नवल नाही. टर्मिनल पाथ या व्हेरिएबलमधल्या फोल्डरांतली पहिली जावा घेतं, तर प्रोग्रामची बांधणी (कंपाइल) करून देणारा मेव्हन जावा_होम या व्हेरिएबलकडे पाहतो. मग बांधणी जावा २१ ने होते, चालवायला जावा १७ येते आणि अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर मिळते. त्या संदेशात ६५.० आणि ६१.० असे आकडे असतात. त्यातून ४४ वजा करा: ६५ म्हणजे जावा २१, ६१ म्हणजे १७, ५५ म्हणजे ११ आणि ५२ म्हणजे ८. मोठा आकडा बांधणीचा, लहान आकडा चालवणाऱ्या जावाचा.

उपाय दोन. नवी जावा वापरा, किंवा जुन्या जावासाठी बांधा. बांधताना --रिलीज १७ हा पर्याय द्या. -सोर्स आणि -टार्गेटच्या जुन्या जोडीवर विसंबू नका. ती जोडी फक्त फाइलीचं रूप बदलते, कोडमधल्या मेथड त्या जुन्या जावात आहेत का हे पाहत नाही. याचा नेहमीचा बळी म्हणजे बाइटबफरची फ्लिप ही मेथड. जावा ९ मध्ये तिचा परतीचा प्रकार बदलला. त्यामुळे नव्या जेडीकेवर (जावाच्या बांधणीच्या संचावर) 'टार्गेट ८' म्हणून बांधलेला कोड खऱ्या जावा ८ वर नोसचमेथडएरर देऊन पडतो. --रिलीज जावा ९ पासून आहे आणि तो हेही तपासतो.

लिब फोल्डर हाताने भरू नका

नेटवरून एक जार उतरवायची, चालवून पाहायचं, एरर आली की दुसरी उतरवायची, हा खेळ संपत नाही. जॅक्सन या जेसन हाताळणाऱ्या लायब्ररीची डेटाबाइंड जार घेतली तर तिला कोअर आणि अ‍ॅनोटेशन्स या आणखी दोन जार लागतात, आणि तिघींच्या आवृत्त्या जुळाव्या लागतात. हे काम मेव्हनकडे सोपवा.

एमव्हीएन डिपेंडन्सी:कॉपी-डिपेंडन्सीज -डीइन्क्लूडस्कोप=रनटाइम -डीआउटपुटडिरेक्टरी=लिब

यातला डी मोठा. रनटाइम स्कोप दिला नाही तर जेयुनिटसारख्या चाचणीच्या लायब्ररीही लिबमध्ये येऊन बसतात. ही कमांड आधीच्या फाइली पुसत मात्र नाही. आज जॅक्सन २.१५ होतं, उद्या पोममध्ये (मेव्हनच्या प्रकल्प-फाइलीत) २.१७ केलं आणि पुन्हा कमांड दिली, की दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी राहतात. दर वेळी आधी लिब रिकामा करा. या एका सवयीने पुढे किती त्रास वाचतो ते खाली कळेलच.

मेव्हनऐवजी ग्रेडल वापरत असाल तर अ‍ॅप्लिकेशन प्लगिन लावून 'ग्रेडल इन्स्टॉलडिस्ट' द्या. बिल्ड फोल्डरातल्या इन्स्टॉलमध्ये लिब आणि चालवायची स्क्रिप्ट दोन्ही तयार मिळतात. मग खालची स्क्रिप्ट स्वतः लिहायची गरज नाही.

विंडोजच्या पॉवरशेलमध्ये मेव्हनला टिंब असलेला डी-पर्याय दिला, उदाहरणार्थ -डीमेव्हन.टेस्ट.स्किप=ट्रू, तर पॉवरशेल तो पहिल्या टिंबाशी तोडतो आणि उरलेला तुकडा मेव्हनला अनोळखी टप्पा वाटतो. अख्खा पर्याय अवतरणचिन्हांत घातला की प्रश्न मिटतो.

कमांड लिहिताना

लिनक्स आणि मॅकवर:

जावा -सीपी "पावती.जार:कॉन्फ:लिब/*" कॉम.दुकान.मेन

विंडोजवर तीच कमांड, फक्त नावांच्या मध्ये विसर्गासारख्या दोन टिंबांऐवजी अर्धविराम:

जावा -सीपी "पावती.जार;कॉन्फ;लिब/*" कॉम.दुकान.मेन

कुठलं चिन्ह हे शेल (कमांड वाचणारा बॅश, पॉवरशेलसारखा प्रोग्राम) ठरवत नाही, जावा कुठल्या सिस्टिमची आहे त्यावर ठरतं. विंडोजवर गिट बॅश उघडलं म्हणून दोन टिंबं चालत नाहीत, कारण आतली जावा विंडोजचीच असते. डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) लिनक्सची जावा टाकली असेल तर दोन टिंबं.

अवतरणचिन्हं शोभेसाठी नाहीत. नुसतं लिब/* लिहिलं तर बॅश स्वतःच तारांकित चिन्हाचा विस्तार करून सगळ्या जारची नावं ओळीने मांडतं. पहिली जार क्लासपाथ ठरते आणि दुसरी जार म्हणजे मुख्य क्लासचं नाव असं जावा समजते. मग 'कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास' आणि पुढे एखाद्या जारचंच नाव, असा विचित्र संदेश येतो. तो दिसला की कारण हेच. अवतरणाविना 'लिब/*:कॉन्फ' लिहिलं तर बॅशला जुळणारी फाइल सापडत नाही, तो मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलतो आणि काम निभावून जातं. तीच ओळ मॅकच्या झीशेलमध्ये 'नो मॅचेस फाउंड' म्हणून अडते, आणि २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकवर झीशेलच मुळात येतं. पॉवरशेलमध्ये अवतरण नसेल तर अर्धविरामापाशी कमांडच संपते.

तारांकित चिन्हाचे जावाचे नियम शेलपेक्षा वेगळे आहेत. लिब/* म्हणजे त्या फोल्डरातल्या थेट जार फाइली. आतल्या उपफोल्डरांतल्या नाहीत, सुट्या क्लास फाइलीही नाहीत. आणि अवतरणात "लिब/*.जार" लिहिलं तर काहीच मिळत नाही: जावाच्या लेखी ते अस्तित्वात नसलेल्या फाइलीचं नाव आहे आणि नसलेल्या फाइलीबद्दल ती बोलत नाही. दिसायला सगळ्यात बरोबर वाटणारी हीच चूक शोधायला सगळ्यात जास्त वेळ खाते.

सेटिंगच्या फाइली, म्हणजे लॉग लिहिणाऱ्या लॉगफोरजे लायब्ररीची एक्सएमएल वगैरे, क्लासपाथवर हव्या असतील तर त्यांचा फोल्डर नावानिशी द्यावा लागतो. लिब/* मध्ये त्या धरल्या जात नाहीत. सुटे क्लास असतील तर पॅकेजचा सर्वांत वरचा 'कॉम' ज्या फोल्डरात आहे तो फोल्डर द्यायचा. क्लास फाइल ज्या आतल्या फोल्डरात पडली आहे तो नाही. तो देऊन क्लासचं नावही पॅकेजविना लिहिलं तर 'राँग नेम' असा शेरा मिळतो.

घरच्या फोल्डरासाठी वापरलं जाणारं टिल्डेचं चिन्ह अवतरणात उलगडत नाही. तिथे होम व्हेरिएबल वापरा. -सीपी मुख्य क्लासच्या आधी यायला हवं, कारण क्लासच्या नावानंतरचं सगळं तुमच्या प्रोग्रामला जातं. आणि -सीपी दिलं की चालू फोल्डर आपोआप धरला जात नाही, हवा असेल तर टिंब स्वतः लिहा.

क्लासपाथ नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल जुन्या पुस्तकांत आणि कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांत अजून शिकवलं जातं. ते सेट करू नये, असलं तर काढून टाकावं. -सीपी दिलं की ते पूर्ण दुर्लक्षिलं जातं, त्यात भर पडत नाही; आणि -सीपी दिलं नाही तर दुसऱ्याच प्रोग्रामसाठी कोणी कधीतरी भरलेल्या जार तुमच्या प्रोग्रामात शिरतात.

यादी फार लांबली तर विंडोजच्या सीएमडीत एका ओळीची ८१९१ अक्षरांची मर्यादा आडवी येते. जावा ९ पासून सगळे पर्याय एका मजकूर फाइलीत लिहून 'जावा @पर्याय.टीएक्सटी' असं चालवता येतं. त्या फाइलीत मार्ग लिहिताना विंडोजवरही पुढची तिरकी रेघच वापरा; अवतरणातली उलटी रेघ एकटी असेल तर ती गिळली जाते.

जावा -जार आणि तिची अट

'जावा -जार पावती.जार' ही कमांड दिसायला सुटसुटीत, पण ती वापरली की -सीपी पूर्णपणे निकामी होतं. एररही येत नाही. लायब्ररी कुठे आहेत हे तेव्हा फक्त जारच्या आतल्या मॅनिफेस्ट फाइलीतल्या 'क्लास-पाथ' या ओळीवरून ठरतं.

त्या ओळीत जारची नावं मध्ये एक जागा सोडून लिहायची, दोन टिंबं किंवा अर्धविराम नाहीत. तारांकित चिन्ह इथे चालत नाही, प्रत्येक जार नावाने लिहावी लागते. मार्ग मोजले जातात ते पावती.जार जिथे आहे तिथून. तुम्ही टर्मिनलमध्ये कुठे उभे आहात याचा संबंध नाही, आणि हा या पद्धतीचा खरा फायदा. मॅनिफेस्टची एक ओळ ७२ बाइटपेक्षा लांब नसावी, उरलेला भाग पुढच्या ओळीत सुरुवातीला एक जागा सोडून. फाइलीच्या शेवटी एंटर नसेल तर शेवटची ओळ वाचली न जाण्याचा धोका असतो, आणि ती नेमकी मेन-क्लासची असली तर 'नो मेन मॅनिफेस्ट अ‍ॅट्रिब्यूट' हा संदेश मिळतो. हे सगळं हाताने लिहिण्यात अर्थ नाही. मेव्हनच्या जार प्लगिनला 'अ‍ॅडक्लासपाथ' ट्रू करायला सांगा आणि 'क्लासपाथप्रिफिक्स' मध्ये लिब/ द्या.

एरर काय सांगते

क्लासनॉटफाउंडएक्सेप्शन आणि नोक्लासडेफफाउंडएरर यांना एकच समजू नका. पहिली येते तेव्हा कोणीतरी क्लास नावाने मागितलेला असतो: सेटिंगच्या फाइलीतलं नाव, रिफ्लेक्शन, जुन्या पद्धतीने लोड केलेला डेटाबेस ड्रायव्हर. तिथे आधी स्पेलिंग पाहा, मग जार. दुसरी येते तेव्हा बांधताना तो क्लास होता आणि चालवताना नाही, म्हणजे लिब अपुरं आहे.

दुसरीतच 'कुड नॉट इनिशियलाइझ क्लास' असे शब्द असतील तर क्लासपाथ तपासत बसू नका. क्लास सापडला आहे. त्याच्या स्टॅटिक भागात आधीच काहीतरी फुटलं आहे. लॉगमध्ये वर जाऊन त्याच क्लासची पहिली एक्सेप्शनइनइनिशियलायझरएरर शोधा, खरं कारण तिथे असतं.

'अनेबल टू इनिशियलाइझ मेन क्लास' म्हणजे मुख्य क्लास मिळाला, पण त्याच्या एखाद्या मेथडच्या घोषणेत वापरलेला लायब्ररीतला प्रकार मिळाला नाही. 'नो सूटेबल ड्रायव्हर' म्हणजे बहुधा पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरची जार लिबमध्ये नाही, नाहीतर जोडणीच्या पत्त्याची सुरुवात चुकली आहे. लॉगसाठीचं एसएलएफफोरजे 'नो प्रोव्हायडर्स' म्हणालं तर प्रोग्राम चालतो पण लॉग गायब होतात: एपीआयची जार २.० आणि लॉग लिहिणारी जोडजार १.७ च्या काळातली, असा तो बहुधा विजोड संसार असतो. दोन्ही एका पिढीच्या घ्या.

जावा ११ वर जुना कोड चालवताना जावाएक्स.एक्सएमएल.बाइंड सापडत नसेल तर शोधाशोध नको. जॅक्सबी जावा ११ मधून काढून टाकलं गेलं, त्याची जार आता वेगळी जोडावी लागते. जावा १७ वर इनअ‍ॅक्सेसिबलऑब्जेक्टएक्सेप्शन आली तर एखादी जुनी लायब्ररी जावाच्या आतल्या कपाटात हात घालते आहे. लायब्ररी नवी करा. तोवर कमांडमध्ये --अ‍ॅड-ओपन्स जावा.बेस/जावा.लँग=ऑल-अननेम्ड देऊन भागवता येतं. शेवटचे दोन शब्द मोठ्या अक्षरांत. संदेशात ज्या पॅकेजचं नाव असेल ते इथे लिहायचं.

दोन आवृत्त्या, आणि कोणती निवडली गेली

नोसचमेथडएरर ही सर्वांत फसवी. क्लास आहे, पण त्यात अपेक्षित मेथड नाही, म्हणजे बहुधा जुनी आवृत्ती आधी सापडली. लिब/* मधल्या जार कुठल्या क्रमाने घेतल्या जातील याची जावा हमी देत नाही. त्यामुळे लिबमध्ये ग्वावा या लायब्ररीच्या दोन आवृत्त्या असतील तर तुमच्या लॅपटॉपवर नवी आणि सर्व्हरवर जुनी निवडली जाऊ शकते. 'माझ्याकडे तर चालतं' या वाक्याचा उगम अनेकदा इथे असतो.

अंदाज बांधू नका, जावालाच विचारा:

जावा -व्हर्बोज:क्लास -सीपी "पावती.जार:कॉन्फ:लिब/*" कॉम.दुकान.मेन | ग्रेप ग्वावा

प्रत्येक क्लाससमोर तो कुठल्या जारमधून आला ते छापलं जातं. आउटपुट प्रचंड असतं, म्हणून गाळणी हवीच. एखादा क्लास कुठल्या जारमध्ये आहे हे शोधायचं तर लिबमधल्या प्रत्येक जारवर 'जार टीएफ' चालवून नाव गाळा. दोन जार निघाल्या की चोर सापडला.

मग तो आला कुठून ते पाहायला 'एमव्हीएन डिपेंडन्सी:ट्री' द्या. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या मागितल्या गेल्या तर मेव्हन झाडात मुळाच्या जवळची घेतो, दोन्ही सारख्याच अंतरावर असतील तर आधी लिहिलेली; नवी-जुनी तो पाहत नाही. ग्रेडल मात्र सहसा सर्वांत नवी घेतो. त्यामुळे मेव्हनवरून ग्रेडलवर गेलेला प्रकल्प कोड न बदलता वेगळा वागू शकतो. हवी ती आवृत्ती पोमच्या डिपेंडन्सीमॅनेजमेंटमध्ये ठामपणे लिहा. जॅक्सनसारख्या कुटुंबांसाठी त्यांची बॉम फाइल (जुळत्या आवृत्त्यांची यादी) आयात केली की सगळी भावंडं एका आवृत्तीवर येतात.

चालवण्यापूर्वीच उणीव शोधायला जेडीकेतलं जेडेप्स उपयोगी आहे:

जेडेप्स -एस -सीपी "लिब/*" पावती.जार

उत्तरात 'नॉट फाउंड' दिसलं तर काहीतरी राहिलं आहे. मात्र नावाने मागितलेले क्लास त्याला दिसत नाहीत, म्हणून डेटाबेस ड्रायव्हर नसला तरी जेडेप्स सगळं आलबेल सांगतो.

सगळं एका जारमध्ये कोंबावं का?

मेव्हनच्या शेड प्लगिनने सगळ्या लायब्ररी उलगडून एकच जाडजूड जार करता येते. छोट्या साधनासाठी, एकच फाइल कोणाला पाठवायची असेल तर, ठीक. त्यात दोन खड्डे आहेत. अनेक लायब्ररींत मेटा-इन्फ/सर्व्हिसेसखाली एकाच नावाच्या फाइली असतात. एकीने दुसरी झाकली की ड्रायव्हर किंवा प्लगिन हरवतात. त्यासाठी शेडला सर्व्हिसेसरिसोर्सट्रान्सफॉर्मर सांगावा लागतो. दुसरं, सही केलेल्या जारमधल्या एसएफ, डीएसए, आरएसए फाइली सोबत आल्या तर 'इनव्हॅलिड सिग्नेचर फाइल डायजेस्ट' म्हणत जावा नकार देते; फिल्टर लावून त्या वगळा.

सर्व्हरवर मात्र सुटा लिब फोल्डरच बरा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेचं सीव्हीई-२०२१-४४२२८ हे भगदाड उघड झालं, तेव्हा २.१४.१ आणि त्याआधीची कोअर जार आपल्याकडे आहे का हे सुट्या लिबमध्ये फाइलींची नावं पाहून एका मिनिटात कळत होतं. जाडजूड जारच्या पोटात दडलेली आवृत्ती शोधायला वेगळी साधनं लागली.

जावाबाहेरच्या लायब्ररी

काही जार सी भाषेतली लायब्ररी सोबत आणतात. अनसॅटिस्फाइडलिंकएररमध्ये 'नो अमुक इन जावा.लायब्ररी.पाथ' असेल तर फाइलच मिळाली नाही, -डीजावा.लायब्ररी.पाथ मध्ये तिचा फोल्डर द्या. लिनक्सवर फाइलीच्या नावाला पुढे लिब आणि मागे .एसओ लागतं, मॅकवर .डायलिब, विंडोजवर नुसतं .डीएलएल. संदेशात दुसऱ्याच फाइलीचं नाव आणि 'कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल' असेल तर तुमची लायब्ररी सापडली, तिला लागणारी सापडली नाही. एलडीडी कमांडला ती फाइल द्या आणि 'नॉट फाउंड'च्या ओळी वाचा.

एसक्यूलाइटचा ड्रायव्हर आपली लायब्ररी तात्पुरत्या फोल्डरात उलगडून तिथून चालवतो. काही सर्व्हरवर टीएमपी हा फोल्डर नोएक्झेक (तिथली फाइल चालवायला बंदी असलेला) असतो आणि ड्रायव्हर उगाच बदनाम होतो. -डीजावा.आयओ.टीएमपीडीआयआर देऊन दुसरी जागा दाखवा. अल्पाइनच्या डॉकर इमेजवर लिनक्सच्या नेहमीच्या ग्लिबसी या मूळ सी लायब्ररीऐवजी मसल असतं, तिथे ग्लिबसीसाठी बांधलेली फाइल चालत नाही; मसलची आवृत्ती शोधा किंवा डेबियनवर आधारलेली इमेज घ्या.

स्क्रिप्ट

जुळलेली कमांड रोज टाइप करू नका. शेल स्क्रिप्टमध्ये तीन ओळी पुरतात:

#!/बिन/एसएच
डीआयआर=$(सीडी "$(डिरनेम "$०")" && पीडब्ल्यूडी)
एक्झेक जावा -सीपी "$डीआयआर/पावती.जार:$डीआयआर/कॉन्फ:$डीआयआर/लिब/*" कॉम.दुकान.मेन "$@"

दुसऱ्या ओळीमुळे स्क्रिप्ट कुठूनही चालवली तरी ती स्वतःच्या फोल्डरावरूनच मार्ग धरते. एक्झेकमुळे मध्ये शेल उरत नाही आणि बंद करण्याचा सिग्नल थेट जावाला मिळतो. सिस्टिमडी किंवा डॉकरखाली हे महत्त्वाचं. $@ भोवतीची अवतरणचिन्हं काढली तर जागा असलेली फाइलनावं तुटतात. स्क्रिप्ट विंडोजवर लिहून सर्व्हरवर टाकली आणि 'बॅड इंटरप्रिटर' आलं, तर ओळीच्या शेवटी विंडोजचं जादा अक्षर आहे, डॉसटूयुनिक्स चालवा.

क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सेवेतून) चालवायची असेल तर तिसऱ्या ओळीतल्या 'जावा'च्या जागी तिचा पूर्ण मार्ग लिहा. क्रॉनला तुमच्या टर्मिनलचा पाथ मिळत नाही, बॅशच्या सेटिंग फाइलीही तो वाचत नाही. एसडीकेमॅन या साधनाने घरच्या फोल्डरात टाकलेली जावा त्याला दिसत नाही, आणि स्क्रिप्ट सिस्टिमच्या जुन्या जावावर चालते, नाहीतर 'जावा: नॉट फाउंड' म्हणून थांबते. आउटपुट आणि एरर दोन्ही एका लॉग फाइलीकडे वळवून ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता काय झालं ते सकाळी वाचता येईल.